पडद्यावरचा रस्ता

श्रोतेहो, भर दुपारी माजघराची दारे-खिडक्या लावून घ्या. दाराला मुगाच्या दाण्याएवढे भोक असले आणि बाहेर लख्ख ऊन असले, तर समोरच्या भिंतीवर अंगणातला माड उलटा उभा दिसेल, आणि वाटेने जाणारा माणूस डोके खाली, पाय वर करून चाललेला दिसेल. लिओनार्दो दा विंचीने आपल्या वह्यांत याच अंधाऱ्या खोलीचे वर्णन करून ठेवले आहे. 'कॅमेरा' या शब्दाचा मूळ अर्थच मुळी खोली!

लिओनार्दोच्या आधी, पंधराव्या शतकाच्या आरंभी, फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने दूरचे लहान कसे काढावे याचा हिशेब बसवला. १४३५ साली आल्बेर्तीने तो ग्रंथात मांडला. चित्र म्हणजे उघडी खिडकी, असे तो म्हणतो. सरळ रस्त्याच्या दोन कडा दूर जाऊन एका बिंदूत मिळतात, हा तो नियम.

आपल्याकडे हा नियम गावोगावच्या प्रेक्षकांना दिसला तो नाटक कंपन्यांच्या रंगविलेल्या पडद्यांवर. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू असे पडदे रंगवीत. पण अशा पडद्यात एक गोम असते. नट मागे मागे सरकून रंगवलेल्या घरापाशी गेला, की तो घरापेक्षा उंच दिसतो! नाटकात हे खपून जाई. कॅमेऱ्यापुढे कसे खपणार?

दादासाहेब फाळके हेही चित्रकलेचेच विद्यार्थी, मुंबईच्या जे. जे. स्कूलचे. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लागला, आणि या बंधूंना कॅमेऱ्याचे वेड लागले. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी १९१८ साली कॅमेरा सिद्ध केला. १९२० साली 'सैरंध्री' आला. पुढे पडदे रंगवणाऱ्या याच माणसाने रंगीत पडद्याऐवजी खरीखुरी खोली असलेले देखावे उभारले, आणि चित्रीकरणाआधी दृश्ये कागदावर रेखाटली. मला यात फ्लॉरेन्सचा हिशेब पुरता पचवलेला दिसतो.

आता आपल्या पिंगुळीकडे वळा. ठाकरांच्या चित्रकथीच्या पोथीत तो बिंदू नाहीच. एकेक चित्र पुढे येते, गाणे चालते, आणि कथेत मोठा तो कागदावर मोठा. दशावतारात तर एक बाकडे पुरते. तेच सिंहासन, तेच रान. कुणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही!

म्हणून गुरुजींना एक विनंती. मुलाने आईला घरापेक्षा मोठी काढली, तर लगेच लाल रेघ मारू नका. तो पिंगुळीच्या रीतीने काढतो आहे. फ्लॉरेन्सची रीत शिकवायचीच असेल, तर त्याला खिडकीच्या काचेपाशी उभे करा, एक डोळा मिटायला सांगा, आणि दिसणारा रस्ता काचेवर साबणाच्या वडीने गिरवू द्या. डोके मात्र तसूभरही हलता कामा नये.