कोयता म्हणजे किती माणसं?



सात-आठ वर्षं सतत लिहिल्यानं माझ्यात काय बदललं, यावर बोलावं असं आयोजकांनी सुचवलंय. 'आत्मविश्वास वाढला' म्हणून मोकळं होता येईल. पण मला माझ्या वाक्यांबद्दल बोलायचंय, बदल तिथं जास्त दिसतो.

मी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांची मुलगी. बी.ए.ला असताना लिहू लागले तेव्हा फडातली थंडी, पाचटाची कोप, आईच्या हातांवरचे चिरे हे सगळं कागदावर आलं. यायलाच हवं होतं, आमच्या घरात आधी कुणी ते लिहिलंच नव्हतं. वाचणारे कळवायचे, 'डोळ्यांत पाणी आलं.' चार-पाच लेखांनंतर लक्षात आलं की लोक रडतात, पण प्रश्न कुणीच विचारत नाही.

2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. 'अडाणी बायका' असा सूर माझ्याही कानावर आला. त्यावर लिहीत असलेला लेख मी आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "खाड्याचं बी लिही की."

इथं महाराष्ट्राबाहेरचेही बरेच जण आहेत म्हणून सांगते. हंगामाआधी मुकादम उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळते आणि या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. मजुरी टनावर मोजतात, ती उचलीतून वळती होते. कामाला दांडी झाली की पैसे कापतात, तो खाडा. बाई पाळीमुळे, आजारपणामुळे कोपीवर थांबली तरी खाडा पडतो. मजुरी वेगळी अशी तिच्या हातात कधी येत नाही, तिच्या पाळीचा दंड मात्र कापला जातो. हे वाक्य त्या रात्री लेखात आलं आणि पुढचं माझं सगळं लिखाण त्याच वाटेनं गेलं.

एम.ए.ला गोपाळ गुरू यांचा 2002चा लेख वाचला. समाजशास्त्रांत अनुभव पुरवणारे एकीकडे, सिद्धान्त मांडणारे दुसरीकडे, आणि ही वाटणीही जातीचीच, असा त्यांचा मुद्दा. सेमिनारमध्ये मी तेच बघत होते. मला म्हणायचे 'तुझा अनुभव सांग', आणि संकल्पना शेजारच्याला विचारायचे. मग मी 'कोयता' हीच संकल्पना म्हणून मांडली: दोन माणसांना एका अवजाराच्या नावानं मोजण्याची पद्धत. एका प्राध्यापकांनी तो 'स्थानिक शब्द' तळटीपेत टाकायला सांगितला. आज तो माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचं शीर्षक आहे.

ही धिटाई माझ्या एकटीची नाही. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे यांचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदया'त छापून आला, तेव्हा त्या जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या. मांग-महारांचं दुःख त्यांनी सांगितलंच, शिवाय वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा जाबही विचारला. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात पुड्या बांधायला आणलेली वर्तमानपत्रं वाचत आणि घरच्यांपासून लपवून लिहीत. 'जिणं आमुचं' असं तयार झालं. माझ्या खोलीला निदान आतून कडी आहे. फेलोशिपही आहे, महिनोन्महिने उशिरा येते ती गोष्ट वेगळी.

घरचं लिहिलं तर घरच्यांना काय वाटेल, हे तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. मी आधी आईला वाचून दाखवते. बहिणीवरचा एक लेख चार वर्षं वहीतच आहे, कारण आई 'नको' म्हणाली. तो चांगला झालाय, तरीही.

यंदा गुडघ्यांमुळे आई फडावर गेली नाही. बाबा एकटेच गेलेत, अशा माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. मागची उचल अजून फिटायचीय, आणि ती पूर्ण कोयत्याची होती. सध्या मी तो हिशोब लिहितेय. आकडे आई सांगते.