भगत पुढच्या रांगेत



रेणुकामातेच्या आणि दत्तप्रभूंच्या माहुरात आपलं स्वागत. गडावर गेलात की तांबुलाचा प्रसाद घेतल्याशिवाय उतरू नका. परिषदेच्या स्वागताध्यक्षाची एवढी एकच आज्ञा चालते, म्हणून करून घेतो.

किनवट-माहूरचा हा मुलूख गोंड, कोलाम, आंध, प्रधानांचा. पैनगंगेपलीकडे यवतमाळ, खाली आदिलाबाद, सोयरिकी तिन्हीकडे. इथं माणूस झोपेनासा झाला, एकटाच रानात निघून जाऊ लागला, की घरचे आधी भगताकडे जातात. नांदेडचा मानसोपचारतज्ज्ञ शंभरावर किलोमीटर दूर, आणि तो बोलणार मराठीत. भगत हाकेच्या अंतरावर आणि आपल्याच बोलीतला. तो विचारतो, घरात कोण गेलं, कुणाचं कार्य राहिलं? डॉक्टरसाहेब, थोड्या वेगळ्या शब्दांत तुम्हीही हेच विचारता. फरक इतकाच, की तो सगळ्या घरादारासमोर विचारतो, त्यामुळे आजारी माणूस गावापासून तुटत नाही.

म्हणून भगताचं सगळंच बरोबर, असं मी म्हणणार नाही. 2001 साली तमिळनाडूत एरवाडीला साखळ्यांनी बांधलेली 28 मनोरुग्ण माणसं आगीत जळून गेली. साखळी, चटका, मार याला संस्कृती म्हणायचं नाही. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आणि 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आपल्या हाती आहेत. फिट येणाऱ्या पोराला गोळीच लागते, आणि ती वेळेवर लागते.

गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’नं दवाखाना कसा हवा हे आधी लोकांना विचारलं. झोपड्यांसारख्या खोल्या बांधल्या, नातेवाईकांना सोबत राहू दिलं, नाव दंतेश्वरीचं दिलं. गुजरातेत उनावाच्या दर्ग्यात दुवा मागायला आलेल्यांना तिथंच दवाही मिळू लागली. मग नवरात्रात आपल्या गडाच्या पायथ्याशी मानसोपचाराची ओपीडी का नको? तिथं कोलामी-गोंडी बोलणारी आपलीच पोरं का नकोत?

भगत मंडळींना आम्ही मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलंय. दुपारच्या सत्रात आधी ती बोलतील, मग डॉक्टर. जेवणं एकाच पंगतीत आहेत.