जुन्या मोटारीचें अंतरंग



मोटारीचा विषय निघाला म्हणजे बोलणें बहुधा तिच्या यंत्राविषयीं होतें. ती ताशीं किती मैल धांवते, पेट्रोल किती पिते, एवढें विचारून आपण थांबतों. परंतु मोटारीच्या मालकाचा सहवास घडतो तो यंत्राशीं नव्हे, तर तिच्या अंतर्भागाशीं. हात चाकावर, पाठ गादीला, पाय तळावर आणि दृष्टि समोरच्या तबकड्यांवर, अशा स्थितींतच तो तिच्या संगतींत असतो. म्हणून कोणी हौसेनें जुनी स्पोर्ट्स मोटार घेतली, कीं प्रथम त्याच्या डोळ्यांत सलतात त्या फाटलेल्या बैठकी, कुबट वासाचा गालिचा आणि तडकलेला डॅशबोर्ड. हें अंतरंग थोडक्या पैशांत पूर्ववत् कसें करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणासाठीं मी इंग्लंडमधील एम्. जी. बी. ही मोटार घेतों. ऑक्सफर्ड येथील ‘मॉरिस गॅरेजेस’ या संस्थेच्या आद्याक्षरांवरून एम्. जी. हें नांव पडलें. तींच दोन अक्षरें २०१९ पासून भारतांतील रस्त्यांवरही नव्या मोटारींवर दिसूं लागलीं आहेत. परंतु त्या नव्या मोटारींचा या जुन्या गाडीशीं नांवाखेरीज फारसा संबंध नाहीं. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गांवच्या कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत एम्. जी. बी. तयार होत असे. दोन माणसांची, बुटकी, कापडी टपाची ही गाडी. १९६५ मध्यें हिचीच पक्क्या छपराची बहीण निघाली. दोन्ही मिळून पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या.

हा आंकडा आपल्या कामाला फार महत्त्वाचा आहे. ज्या मोटारी मोजक्याच निघाल्या, त्यांच्या दाराची एक मूठ हरवली तरी ती कारागिराकडून घडवून घ्यावी लागते. एम्. जी. बी. चे मात्र गालिच्यापासून बैठकीच्या खोळीपर्यंत बहुतेक जिन्नस आजही नवे मिळतात. किंबहुना १९८८ पासून तिच्या पत्र्याचा सबंध सांगाडाच नव्यानें तयार होऊं लागला. तेव्हां बेताच्या पैशांत हौस भागवूं पाहणाऱ्यानें कोणती मोटार घ्यावयाची हें ठरविलें, कीं त्याचें अर्धें अंदाजपत्रक तेथेंच ठरून जातें.

परंतु जिन्नस सहज मिळतात यांतच एक मोठा मोह आहे. मालक सूचीपत्रक उघडतो, गालिचा व खोळी एकदम मागवितो, चार सुट्यांत त्या चढवितो आणि गाडी नव्यासारखी दिसूं लागते. दोन हिवाळे उलटतात, आणि नव्या गालिच्याला जुनाच वास येऊं लागतो. पावसाळ्यापूर्वीं घर शाकारावयाचें सोडून भिंतींना रंग देणाऱ्यास कोंकणांत कोणी शहाणा म्हणत नाहीं. मोटारीचा न्यायही तोच आहे. डोळ्यांना जें प्रथम दिसतें, त्यावर पैसा शेवटीं खर्च करावयाचा, हें या कामाचें मुख्य सूत्र होय.

म्हणून पहिला प्रश्न असा, कीं तळाशीं ओल कोठून येते? गालिचा उचलून त्याखालच्या नमद्याला हात लावून पाहावा. तेथें तीन निरनिराळे द्रव असूं शकतात. पहिलें पावसाचें पाणी. तें टपाच्या कडेनें, कांचांच्या रबरांतून किंवा दारांच्या फटींतून येतें. या गाडीच्या पुढील कांचेसमोर हवेची एक जाळी असते. तिच्यांतून हीटरसाठीं हवा येते आणि तिच्याबरोबर पाऊसही. तें पाणी बाहेर सोडणारी नळी पानांनीं व मातीनें तुंबली, कीं पाणी सरळ पायांशीं उतरतें. ती नळी साफ करावयास एक पैसाही लागत नाहीं. दुसरा द्रव म्हणजे हीटरमधून पाझरणारें रेडिएटरचें पाणी. त्याला गोडसर वास असतो आणि तें बोटाला चिकट लागतें. तें विषारी असल्यामुळें चाखून पाहण्याच्या भरीस मात्र कोणी पडूं नये. तिसरा द्रव ब्रेकचें किंवा क्लचचें तेल. पायपट्ट्यांच्या वरच्या टोकाशीं तें दिसेल. जेथें तें पडतें तेथील रंग फुगून सुटतो. हा तिसरा द्रव आढळला, तर गादीचा विचार बाजूस ठेवून गाडी प्रथम यंत्रज्ञाकडे न्यावी.

पाऊस कोठून शिरतो हें कळण्यास एक सोपी युक्ति आहे. एकानें आंत दिवा घेऊन बसावें आणि दुसऱ्यानें बाहेरून पाण्याची बारीक धार धरावी. मात्र खालून आरंभ करून हळूहळू वर जावें. वरून आरंभ केला तर पाणी सगळीकडे ओघळतें आणि मूळ छिद्र सांपडत नाहीं.

ओल थांबली म्हणजे तळाचा पत्रा तपासावा. या गाडीला निराळा पोलादी सांगाडा नाहीं. पत्र्याची कायाच सर्व भार पेलते. त्यांतही उघड्या गाडीला छपराचा आधार नसल्यामुळें दरवाजांच्या खालून जाणाऱ्या पोकळ पेट्यांवर फार भिस्त असते. बैठकी याच तळाशीं बोल्टांनीं जखडलेल्या असतात, आणि त्यांच्या रुळांखालीं लांकडी पट्ट्या असतात. त्या पट्ट्या ओल धरून ठेवतात, आणि नेमका तेथेंच पत्रा कुजतो. हातोडीच्या दांड्यानें ठोकून पाहावें. खणखणीत आवाज आला तर तारेच्या ब्रशानें वरचा गंज काढून गंजरोधक रंग द्यावा. हें काम कोणासही घरीं करतां येईल. आवाज बद्द आला, किंवा स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक पत्र्यांत रुतलें, तर जाणत्या वेल्डरकडून तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडून घ्यावा. त्या जागीं लुकण भरून वर रंग फांसणें म्हणजे स्वतःची फसवणूक करणें होय.

येथें केवळ काटकसरीचा नव्हे, तर जिवाचा प्रश्न आहे. ब्रिटनमध्यें मोटारींच्या वार्षिक तपासणीचा नियम आहे. परंतु मे २०१८ पासून, चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपांत मोठा फेरफार न झालेल्या मोटारींना त्या तपासणींतून सूट मिळाली. आज प्रत्येक एम्. जी. बी. चें वय चाळिसांच्या पुढें गेलें आहे. म्हणजे गालिच्याखालीं काय दडलें आहे हें पाहण्यास दुसरें कोणी बांधलेलें नाहीं. मालकानें पाहिलें तरच तें पाहिलें जाणार. तीच गोष्ट सुरक्षेच्या पट्ट्यांची. कडा झिजलेला किंवा उन्हानें विटलेला पट्टा रंगवून पुन्हा लावूं नये, तो बदलावा. इतरत्र कितीही काटकसर करावी, पण तळ आणि पट्टे या दोन ठिकाणीं करूं नये.

आतां बैठकीकडे वळूं. खोळ फाटली कीं दोष खोळीचाच, असें आपण धरून चालतों. वास्तविक ती बहुधा दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा भोगीत असते. त्या काळच्या अनेक ब्रिटिश मोटारींत गादीखालीं चौकटीवर ताणलेल्या रबरी पट्ट्या किंवा रबरी पडदा असे. कालांतरानें रबर ताठरतें आणि तुटतें. वरचा फोम जुना होऊन त्याचा भुगा पडतो. मग बसणारा खालीं खचतो, आणि त्याचा सर्व भार शिवणींवर येऊन त्या उसवतात. अशा बैठकीवर भारी किंमतीची नवी खोळ चढविली तरी तिचीही तीच गत होणार. उलट पट्ट्या व फोम बदलण्याचा खर्च खोळीच्या मानानें थोडा असतो. आणि तेवढें केल्यावर पुष्कळ वेळां असें दिसून येतें, कीं जुनी खोळ अजून बरींच वर्षें चालेल. जुन्या फोमची धूळ उडते, म्हणून काम करतांना नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी.

आरंभींच्या एम्. जी. बी. गाड्यांत अंग टेकतें त्या भागाला कातडें आणि बाजूंना रेक्झिन असे. १९७० च्या सुमारास सर्वच बैठक रेक्झिनची झाली. कातडें वांचवितां येतें. सौम्य साबणाचा फेंस मऊ ब्रशानें लावून ओलसर फडक्यानें पुसून घ्यावा आणि सांवलींत वाळवावें. खोबरेल चोपडण्याचा घरगुती मोह मात्र आवरावा. त्यानें कातडें काळवंडतें. पुष्कळदां कातडें शाबूत असतें आणि केवळ दोरा कुजलेला असतो. अशा वेळीं जुन्याच छिद्रांतून सुई घालून हातानें शिवावें. नवीं छिद्रें पाडलीं तर कातडें त्या रेषेवर कागदासारखें फाटतें. भोंक पडलें असेल तर आंतून पातळ कातड्याचें ठिगळ चिकटवावें, आणि शेवटीं वरचा उडालेला रंग कातड्यासाठींच बनविलेल्या रंगानें भरून काढावा. रेक्झिनचें तसें नाहीं. तें वयपरत्वें कडक होतें, आणि मोठी चीर पडल्यावर त्याला ठिगळ शोभत नाहीं व टिकतही नाहीं. तेथें नवी खोळ घ्यावी आणि ती उन्हांत जराशी ऊन करून मग चढवावी, म्हणजे कोपऱ्यांवर नीट बसते. बैठक उसवतांना जुनी मगजी कोठून कशी फिरविली आहे, याचीं छायाचित्रें आधीं घेऊन ठेवावीं.

डॅशबोर्डाविषयीं थोडेंच सांगतों. आरंभींच्या गाड्यांचा डॅशबोर्ड पत्र्याचा असून त्याला सुरकुत्या पडलेल्यासारखा काळा रंग असे. तसा रंग आजही डब्यांत मिळतो. अमेरिकेंत १९६८ पासून सुरक्षेचे नवे नियम लागू झाले, तेव्हां तिकडे जाणाऱ्या गाड्यांना जाड गादीचा डॅशबोर्ड बसविण्यांत आला. हौशी लोकांनीं त्याचें नांव ‘अ‍ॅबिंग्डनची उशी’ असें ठेवलें. ही उशी उन्हानें तडकते. ती दुरुस्त करणें किचकट काम आहे, म्हणून कमी खर्चांत भागवावयाचें असेल तर तयार टोपण वर बसवितात. या भागाला हात लावण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडणें अवश्य आहे. शिवाय १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचें धन टोंक गाडीच्या अंगाला जोडलेलें असे. तिकडे लक्ष न देतां आधुनिक रेडिओ जोडला तर तो जळून जातो.

सर्वांत शेवटीं गालिचा. जुने तुकडे फेंकूं नयेत. तेच कापणीचे नमुने होत. त्यांवरून कागद कापून घेतला तर साध्या गजानें मिळणाऱ्या गालिच्यांतून बराच भाग घरीं बेततां येतो. तळावरचा तुकडा मात्र सरसानें चिकटवूं नये. टिचबटणांनीं बसवावा, म्हणजे पावसाळी दिवशीं उचलून वाळवितां येईल, आणि खालचा पत्राही मधून मधून नजरेखालीं राहील.

हिशेब मांडावयाचा तर असा मांडावा. हातीं असलेल्या रकमेचा चौथा हिस्सा प्रथमच बाजूस ठेवावा, कारण गालिच्याखालचा खर्च आधीं कोणास दिसत नाहीं. साफसफाई, उसवणें, बेतणें आणि रंगविणें हीं कामें स्वतः करावीं. वेल्डिंग व ब्रेक जाणत्याच्या हातीं द्यावे. एका वेळीं एकच बैठक उघडावी, म्हणजे दुसरी नमुन्यासाठीं समोर राहते. आणि नवी वस्तु घेण्यापूर्वीं जुनी दुरुस्त होईल काय, हें दोनदां पाहावें. नवी खोळ उद्यांही विकत मिळेल. परंतु कारखान्यांत त्या गाडीसाठींच शिवलेली खोळ एकदां फेंकून दिली, कीं कितीही पैसा ओतला तरी ती परत येत नाहीं.

अशा क्रमानें काम केलें तर गाडी पहिल्या वर्षीं विशेष देखणी दिसणार नाहीं. तिचा तळ कोरडा असेल, बैठक घट्ट असेल, पट्टे नवे असतील, आणि खोळीवर कोठें कोठें ठिगळेंही असतील. परंतु ती निर्धास्तपणें रस्त्यावर काढतां येईल, आणि देखणेपणा सवडीनें मागाहून येईल.