मेंदूत गाठ निघाली, पण कसली?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं)



मागे एका गटात एक ताई तातडीचं कर्ज मागायला आल्या. मुलीला शाळेत फिट आली होती. स्कॅन काढला, त्यात मेंदूत गाठ. कुणीतरी ‘ट्यूमर’ म्हणालं आणि घरात रडारड. मंगळसूत्र मोडायची तयारी झाली होती. गटानं कर्ज दिलं, म्हणून मोठ्या दवाखान्यात जाता आलं. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कॅन्सर नाही, जंताची गाठ आहे.

मी डॉक्टर नाही, मलाही हे तेव्हाच कळलं. स्कॅनमध्ये बांगडीसारखी गोल कडा दिसते. तशी जंताची गाठ दिसते, टीबीचीही दिसते आणि कधीकधी कॅन्सरचीही. म्हणून डॉक्टर गाठीचा आकार, भोवतीची सूज बघतात, एमआरआय आणि छातीचा एक्स-रे काढतात, काही दिवसांनी पुन्हा स्कॅन करायला सांगतात. क्वचित गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. ‘पुन्हा स्कॅन’ म्हटलं की आपल्याला वाटतं पैसे काढतायत. दरवेळी तसं नसतं.

त्या ताई म्हणाल्या, “आम्ही माळकरी, मटणसुद्धा खात नाही, मग जंत कुठून?” हा जंत डुकराच्या मांसातून माणसाच्या पोटात जातो, हे खरं. पण मेंदूत गाठ होते ती त्याच्या अंड्यांमुळे. ज्याच्या पोटात जंत आहे त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. उघड्यावर बसलं की ती पाण्यात, भाजीवर येतात. न धुतलेल्या हातानं कुणी भाकरी थापली तरी पुरे. कच्ची खायची मेथी-कोथिंबीर नीट धुवायची ती यासाठी.

जंताच्या गाठीला बहुतेक वेळा गोळ्याच लागतात, सोबत फिटच्या गोळ्या. मात्र जंताची गोळी आपल्या मनानं घेऊ नका. मेंदूतला जंत मरताना सूज वाढते, म्हणून डॉक्टर आधी सुजेचं औषध देतात. टीबीची गाठ असेल तर औषध वर्षभर, कधी जास्तही चालतं. ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. वर निक्षय पोषण योजनेतून महिन्याला 1000 रुपये खात्यावर येतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

आणि फिट आली की कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा. खरंच ट्यूमर असला तरी लवकर कळलेला बरा.

ती मुलगी आता शाळेत जाते, गोळ्या चालू आहेत. तिच्या आईनं स्कॅनच्या सगळ्या फिल्म पिशवीत घालून कपाटात ठेवल्यात. पुढच्या तपासणीला जुनी फिल्म शेजारी धरूनच डॉक्टर बघणार आहेत, गाठ किती विरघळली ते.