अकरा वर्षांची पूर्वतयारी

(चिंचवड येथे अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपण बसलो आहोत त्या परिसराचा इतिहास आपल्या अभ्यासक्रमात नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे येथील माळरानावर अनेक कारखाने उभे राहिले. त्यांतील एकाविषयीच मी बोलणार आहे.

टेल्कोचे, म्हणजे २००३ साली टाटा मोटर्स हे नाव धारण केलेल्या कंपनीचे, येथील कार्य १९६६ साली सुरू झाले. येथून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ साली! मधली अकरा वर्षे वाया गेली काय? नाही. सुमंत मुळगावकरांनी येथे आधी यंत्रे व हत्यारे घडविणारा विभाग आणि प्रशिक्षणाची व्यवस्था उभी केली. वाहनाच्या आधी माणूस घडला. आपण मात्र पहिल्या सहा महिन्यांतच पगारवाढीचा हिशेब मांडू लागतो.

माझाच अनुभव सांगतो. नोकरीच्या आरंभी मी एका भागाच्या ड्रॉइंगवर शतांश मिलिमीटरची टॉलरन्स लिहिली. लेथवरील एक वयस्क कारागीर म्हणाले, “साहेब, हा भाग बसतो कुठे, ते पाहिलंत का?” पाहिले नव्हते. त्या भागाला केवळ पत्र्याचे झाकण धरायचे होते! माझ्या त्या आकड्यापायी तो उगाच ग्राइंडिंगला गेला असता आणि खर्च कितीतरी वाढला असता. पदवीने मला गणित दिले होते. ते कोठे लावावे, हे त्या कारागिराने शिकविले.

चाकणला बजाजचा कारखाना १९९९ साली, तर फोक्सवॅगनचा २००९ साली सुरू झाला. तेथे जाल तेव्हा जर्मन किंवा जपानी भाषा येत असल्यास उपयोग होईलच. पण ऑपरेटरशी त्याच्या भाषेत, अदबीने बोलता येणे अधिक मोलाचे. मुलाखतीत पगाराबरोबर हेही विचारा : प्रशिक्षण किती काळ? कोणकोणत्या विभागांत? शिकाऊ म्हणून घेऊन वर्षानुवर्षे एकाच स्टेशनवर उभे करणार असतील, तर तेथे निष्ठेच्या नावाखाली थांबू नका. निष्ठा उभयपक्षी असावी लागते.

पालकांना एक विनंती. मुलाला, मुलीला रात्रपाळी लागली, तर “एवढे शिकून हेच काय?” असे म्हणू नका. रात्री दोन वाजता लाइन थांबते, तेव्हा वरिष्ठ घरी झोपलेले असतात. निर्णय त्या मुलालाच घ्यावा लागतो.