सहलीला निघण्यापूर्वी

आषाढातल्या पहिल्या झडी पडून गेल्या, काळ्या जमिनीच्या भेगा बुजल्या आणि विंध्याच्या कड्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या धारा कोसळू लागल्या, म्हणजे माळव्यातील माणसाचा पाय घरात ठरत नाही. केव्हा एकदा रविवार उजाडतो, असे त्याला होऊन जाते. इंदूरची मंडळी पाताळपाणी, तिंछा, काजलीगड या वाटांनी निघतात. ग्वाल्हेरकर शिवपुरीच्या बाजूस वळतात. बेळगावचे लोक गोकाक किंवा आंबोली गाठतात. गोमंतकात दूधसागराचे वेध लागतात. कोणी घरून डबे नेतात, तर कोणी माळव्याच्या रिवाजाप्रमाणे कणीक, डाळ, तूप आणि गोवऱ्या बरोबर घेतात. रानात निखाऱ्यावर बाफले भाजावेत, तुपात बुडवून ऊन ऊन डाळीत कुस्करावेत आणि झाडाखाली पंगत बसवावी, यासारखे सुख थोडेच!

ही हौस चांगली आहे, हे मी आरंभीच सांगून टाकतो. वर्षभर कचेरीत, दुकानात आणि स्वयंपाकघरात कोंडून पडलेल्या माणसाला मोकळ्या हवेची गरज असते. मुलांना तर ती अन्नाइतकीच असते. तेव्हा आज मी जे चार शब्द बोलणार आहे, ते ‘सहलीला जाऊ नका’ असे सांगण्यासाठी नव्हेत. सकाळी मोजून निघालेली माणसे सायंकाळी तितकीच घरी परत यावीत, एवढाच त्यांचा हेतू आहे.

आपल्या जुन्या चालीरीतींकडे पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. वनभोजनाची प्रथा आपल्याकडे फार जुनी; परंतु आवळीभोजन येते ते कार्तिकात, म्हणजे पाऊस सरून नद्यानाले निवळल्यावर. चातुर्मासात यतिसंन्याशांनी भ्रमंती थांबवून एका ठिकाणी राहावे, असा दंडक होता. किनाऱ्यावरील कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करीत आणि मगच होड्या पाण्यात लोटीत. ऐन पावसाळ्यात पाण्यापासून अंतर राखावे, हे शहाणपण या रूढींत साठविलेले होते. आता रस्ते झाले, घरोघरी वाहने आली आणि भर श्रावणात थेट धबधब्याच्या अंगाशी जाण्याची सोय झाली. या सोयीचा उपयोग आपण अवश्य करावा. मात्र रूढीने जे काम आजवर केले, ते आता आपल्या विवेकाने केले पाहिजे.

धबधब्यापाशी गेलेला माणूस बहुधा आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहतो. ऊन पडलेले दिसले, की तो निर्धास्त होतो. पण नदीला पाणी येते ते त्या आभाळातून नव्हे, तर वरच्या पाणलोटातून. आणि तेथे, दहा-पंधरा किलोमीटरांवर, त्याच वेळी मुसळधार पाऊस चाललेला असू शकतो. माळव्याची काळी माती पहिल्या पावसाचे पाणी पिऊन टाकते. परंतु ती एकदा भिजून फुगली, की नंतरचा पाऊस जमिनीत न मुरता सरळ ओढ्याकडे धावतो. खाली सारा काळा फत्तर. अशा वेळी ओढ्याचे पाणी हळूहळू चढत नाही. त्याचा लोंढा येतो. काही मिनिटांपूर्वी मुले ज्या खडकांवर उड्या मारीत होती, ते खडक दिसेनासे होतात.

या पाण्याचा जोर किती, याची कल्पना शहरात राहणाऱ्यास सहसा नसते. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलोग्रॅम भरते. आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो. वेगाने वाहणारे अर्धा फूट पाणी धडधाकट माणसाचा तोल घालवू शकते. दोन फूट पाणी बहुतेक मोटारी उचलून नेते. ‘गुडघाभर तर आहे!’ असे म्हणून पाण्यात पाऊल घालणारा केवळ खोली मोजतो. वेग मोजावयाचे विसरतो.

ही भीती कल्पनेतली नव्हे. १७ जुलै २०११ रोजी महूजवळच्या पाताळपाणी येथे चोरल नदीत अकस्मात लोंढा आला. प्रवाहाच्या मध्यभागी पाच जण एकमेकांना धरून उभे होते. काठावर माणसे होती, ती हे पाहत होती. पण मधल्या पाण्यापुढे कोणाचे काही चालले नाही. त्या पाचांपैकी तिघे वाचू शकले नाहीत. १५ ऑगस्ट २०१८ रोजी ग्वाल्हेर आणि शिवपुरी यांच्या दरम्यान असलेल्या सुलतानगड धबधब्यावर असाच लोंढा आला. काही जण वाहून गेले आणि चाळीसएक माणसे खडकांवर अडकून पडली. त्यांना बाहेर काढण्याचे काम रात्र पडल्यावरही चालू होते, आणि त्यात दोर घेऊन पुढे झालेले ग्रामस्थही होते. पुढे ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ पाच जणांना मृत्यू आला; त्यांत लहान मुले होती.

या तिन्ही तारखा पाहा. दोन रविवार आणि एक स्वातंत्र्यदिन. म्हणजे सुटीचा दिवस, उत्साहाची गर्दी आणि ऐन पावसाळा. तेथे गेलेली माणसे तुमच्याआमच्यासारखीच होती. त्यांच्यावर दोष ठेवण्याचा अधिकार आपणास नाही. त्यांच्या दुःखातून बोध घेण्याचे कर्तव्य मात्र आहे.

तो बोध माझ्या मते असा, की परत फिरण्याचा निर्णय घरीच करून निघावे. जागेवर पोहोचल्यावर तो होत नाही. कसा होणार? साठ किलोमीटरांचा प्रवास झालेला असतो, गोवऱ्या पेटलेल्या असतात, डाळीला नुकती उकळी फुटलेली असते, मुले पाण्यात रमलेली असतात. अशा वेळी कोणा काकूंना पाण्याचा रंग बदललेला दिसला, तरी त्या संकोचतात. सर्वांचा हिरमोड आपण का करावा, असे त्यांना वाटते. कोणी बोललेच, तर ‘काही होत नाही हो!’ असे म्हणणारे दहा जण निघतात. म्हणून शनिवारी रात्रीच, सर्वांच्या संमतीने, काही गोष्टी ठरवून टाकाव्यात. वरच्या भागात जोराच्या पावसाचा इशारा असेल, तर धबधब्याचा बेत रद्द करून दुसरीकडे जावे. म्हणून दुसरे ठिकाण आधीच योजलेले असावे. स्वच्छ पाणी गढूळ झाले, पाल्यापाचोळ्याबरोबर काटक्या वाहून येऊ लागल्या, किंवा पाण्याचा आवाज वाढला, की तत्क्षणी उठून उंच जागी जावे. ताटे तेथेच राहिली तरी चालतील. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘उठा’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला असावा, अगदी लहान मुलालासुद्धा. त्याबद्दल नंतर कोणी कोणाची थट्टा करू नये.

पुढची सिद्धता सोपी आहे. एका जबाबदार माणसाला त्या दिवसापुरता कारभारी नेमावे आणि माणसांची मोजदाद त्याच्याकडे द्यावी. आपण कोठे जात आहो, कोणत्या वाटेने आणि किती वाजता परतणार, हे घरी राहणाऱ्या कोणास तरी लिहून द्यावे. कारण कड्याखाली उतरले, की मोबाईल पुष्कळदा मुका होतो. सकाळी लवकर निघून दुपार कलण्याच्या आत परतीची वाट धरावी. पकड घेणारी पादत्राणे, विजेरी, पिण्याचे पाणी, मलमपट्टी आणि पंधरा-वीस मीटर मजबूत दोर एवढे बरोबर असले म्हणजे पुरे.

जागेवर गेल्यावर प्रथम तेथल्या गुराख्याला किंवा चहावाल्याला विचारावे. काल पाणी कोठवर आले होते आणि कोणत्या डोहाने यापूर्वी माणसे घेतली आहेत, हे त्याला ठाऊक असते. बैठक प्रवाहापासून दूर आणि उंचावर घालावी. प्रवाहाच्या मधोमध असलेला खडक कितीही सुंदर दिसला, तरी तेथे बसू नये. पाणी चढल्यावर त्याला परतीची वाट उरत नाही. कड्याच्या टोकाशी पाठ करून छायाचित्र काढून घेण्याचा मोह आवरावा, कारण ओल्या फत्तरावरचे शेवाळ डोळ्यांना दिसण्यापूर्वी पायाला कळते. धबधब्याखालच्या डोहात पोहणाऱ्यानेही उतरू नये. तेथील फेसाळ पाणी माणसाला नीट तोलून धरीत नाही आणि तळाकडे ओढ असते. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज सुमारे दहा किलोमीटरांच्या आत आहे असे समजावे आणि एकाकी झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे.

काही स्थळांचे धोके निराळे असतात. गोकाकच्या वर घटप्रभेवर हिडकलचे धरण आहे. अशा नद्यांत पाऊस नसतानाही सोडलेले पाणी येऊ शकते. भोंगा वाजला, की काठ सोडावा. दूधसागराजवळून लोहमार्ग जातो, आणि त्या रुळांवरून चालत धबधबा गाठण्याचे वेड तरुणांत शिरले आहे. घाटातील वळणे आणि बोगदे, त्यात पाण्याचा घनगंभीर नाद. मागून येणारी गाडी ऐकूसुद्धा येत नाही. रुळांवरून असे चालणे हा कायद्याने गुन्हा आहे. तोच धबधबा आगगाडीच्या खिडकीतून पाहता येतो, आणि फार सुरेख दिसतो.

इतके करूनही कोणी पाण्यात सापडलाच, तर त्याच्यामागे उडी टाकू नये. एकाला वाचविण्यासाठी गेलेला दुसरा बुडाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. काठावर आडवे पडून काठी पुढे करावी, दोर फेकावा, दोर नसेल तर साड्या किंवा उपरणी एकमेकांस बांधून फेकावीत. झाकण घट्ट बसविलेला रिकामा डबाही माणसाला तारू शकतो. त्याच वेळी दुसऱ्याने ११२ या क्रमांकावर वर्दी द्यावी. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरविणे किंवा त्याचे पोट दाबणे हे जुने उपाय घातक आहेत. त्याचा श्वास बंद असेल, तर त्याला उताणे निजवून तोंडाने श्वास द्यावयाचा आणि छातीच्या मध्यावर एकसारखा दाब द्यावयाचा असतो. ही क्रिया भाषणातून शिकता येत नाही, ती प्रत्यक्ष शिकावी लागते. प्रत्येक कुटुंबातील एकाने तरी ती शिकून घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

शेवटी एक जबाबदारी उरते, ती त्या जागेविषयीची. आपण जेथे एक दिवस रमतो, तेथे कोणाचे तरी शेत असते, कोणाची तरी गुरे तेच पाणी पितात. आपण टाकलेली प्लास्टिकची पिशवी गाईच्या पोटात जाते, आणि फुटलेली बाटली अनवाणी मुलाच्या पायात. म्हणून नेलेले सर्व परत आणावे, निखारे पाणी ओतून विझवावेत आणि कर्णे लावून रानाची शांतता मोडू नये. सुलतानगडला संकटाच्या वेळी दोर घेऊन धावले ते आसपासचे ग्रामस्थच होते, हे ध्यानात ठेवले, म्हणजे त्यांच्या गावाशी कसे वागावे, हे निराळे सांगावे लागणार नाही.

तेव्हा श्रोतेहो, येत्या रविवारी अवश्य जा. मात्र शनिवारी रात्री, कणीक आणि तुपाचा हिशेब झाला, की आणखी पाच मिनिटे सर्वांनी एकत्र बसावे. कारभारी कोण, परत केव्हा फिरायचे आणि काय दिसले म्हणजे उठायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे मुलांसमक्ष ठरवावीत. मग कड्यावरून कोसळणाऱ्या त्या शुभ्र पाण्याकडे दुरून, निवांत मनाने, हवा तितका वेळ पाहत बसावे.