खांदा कोण देईल?

(पुणें येथें गंज पेठेंत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी खेड्यांतला शाळामास्तर. वर्गांत बोलतों तसाच येथें बोलणार. ज्या गंज पेठेंत आपण बसलों आहों, तिला आतां महात्मा फुले पेठ म्हणतात. त्यामुळें विषय शोधायला मला लांब जावें लागलें नाहीं.

आमच्या शाळेंतून शिकून गेलेली एक मुलगी दवाखान्यांत परिचारिका झाली. पोटजातीबाहेरच्या एका मुलाशीं लग्न करीन म्हणते. मुलगा निर्व्यसनी, कमावता. तिचा बाप माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, पोरीचं मला पटतंय. पण उद्या आमची म्हातारी गेली तर खांदा द्यायला कोण येईल?"

कोणी शहाणा या बापाला भित्रा म्हणेल. मी म्हणणार नाहीं. ज्याच्या दावणीला एकच बैल, त्याला सावड केल्याशिवाय पेरणी साधत नाहीं. इरजिकीला गांव आला नाहीं तर पीक शेतांत उभें राहतें. लोहाराच्या भात्याला आणि शिंप्याच्या यंत्राला गिऱ्हाईक लागतें, तें गांवांतूनच येतें. भावकी आणि गांव हा गरिबाचा विमा आहे. फक्त या विम्याचा हप्ता कधीं पैशांत घेत नाहींत. तो लेकीच्या मनाचा घेतात, सुनेच्या शिक्षणाचा घेतात.

गोविंदराव फुल्यांपुढें हाच प्रश्न होता. १८४८ सालीं जोतीरावांनीं बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली, तेव्हां त्यांचें वय एकवीस वर्षांचें. लोकांनीं शाळेला हात लावण्याआधीं बापाला गांठलें. बहिष्काराची रीत अशीच असते. वाकत नाहीं त्याच्या वाटेला कोणी जात नाहीं, त्याच्यामागें जो म्हातारा आहे त्याला धरतात. १८४९ सालीं जोतीराव आणि सावित्रीबाई घराबाहेर पडलीं. गोविंदरावांना दोष देणें सोपें आहे; पण आईवेगळ्या मुलाला त्यांनींच वाढविलें होतें. दाराबाहेर काढतांना त्यांना काय वाटलें असेल तें बापांनीं मनांत आणावें.

पुढची गोष्ट मात्र आपण घाईनें सांगतों. तीं दोघें रस्त्यावर राहिलीं नाहींत. याच गंज पेठेंत उस्मान शेखांनीं त्यांना घरांत घेतलें, आणि फातिमा शेख सावित्रीबाईंच्या जोडीला शिकवूं लागल्या. एक दार मिटलें तेव्हां दुसरें उघडें होतें, म्हणून शाळा चालली. निर्धार जोतीरावांचा खरा, पण त्या निर्धाराला रात्रीची भाकरी आणि निजायला जागा दुसऱ्या कोणी तरी दिली.

पुढें १८७३ च्या सप्टेंबरांत सत्यशोधक समाज निघाला. नांव पाहा: जात सोडणाऱ्यांनीं 'समाज'च काढला. भटजीवांचून लग्न लावायचें तर वधूवरांबरोबर पंगतीला बसणारेही हवेत. त्याच वर्षीं २५ डिसेंबरला पहिलें सत्यशोधक लग्न लागलें. जुन्नर तालुक्यांतील ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांनीं १८८४ सालीं घरचें लग्न भटजीवांचून केलें. जोश्यानें दक्षिणेच्या हक्काचा दावा लावला. तो खटला हायकोर्टापर्यंत गेला आणि १८९० सालीं निकाल पाटलांच्या बाजूनें लागला. एकटा शेतकरी इतकीं वर्षें कोर्टांत उभा राहतो तो नुसत्या जिद्दीवर नव्हे. मागें माणसें असावीं लागतात.

त्याच १८९० सालीं मुंबईंत, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रयत्नानें, न्हावी बंधूंनीं सभा भरवून विधवांचें केशवपन न करण्याचें ठरविलें. हें एकट्या न्हाव्यानें ठरविलें असतें तर त्याचें गिऱ्हाईक शेजारच्या दुकानांत गेलें असतें. प्रत्येकाच्या मनांत तें होतेंच, परंतु सर्वांनीं मिळून म्हटल्यावर तें म्हणतां आलें.

आतां आपल्या घरचें थोडें बोलूं, राग आला तरी चालेल. शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत जातवार वसतिगृहें निघूं दिलीं, तीं मुलांना शिकून बाहेर पडतां यावें म्हणून. आज आपले ज्ञातिमेळावे भरतात, त्यांत पोटजातीचा रकाना आधीं आणि मुलीची इच्छा विचारणारा रकाना कोठेंच नाहीं. व्यासपीठावर तसबीर मात्र जोतीरावांची!

कायद्याचें म्हणाल तर तो आहे. मुंबई राज्यानें १९४९ सालीं बहिष्कारबंदीचा कायदा केला होता. धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करण्याचा धर्मप्रमुखाचा अधिकार त्यानें जातो म्हणून सुप्रीम कोर्टानें १९६२ सालीं तो रद्द ठरविला. पुढें महाराष्ट्रानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यांत तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. वाळीत टाकलें तर फिर्याद जरूर करा. पण फौजदार पंचांना आंत टाकील, सावडीला बैल आणून देणार नाहीं.

२८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव वारले. दत्तक यशवंताच्या हक्कावरून भाऊबंदांनीं तंटा काढला, तेव्हां सावित्रीबाईंनीं स्वतः टिटवें धरलें असें चरित्रकार सांगतात. बायकोनें टिटवें धरलें म्हणून प्रेत अडून राहिलें नाहीं. बरोबर चालणारे होते.

त्या बापाला मीं एवढेंच सांगितलें कीं, लग्नाची तारीख धरण्याआधीं सात घरें धर. जातीचीं असोत वा परजातीचीं. लग्नाला जेवूं, पेरणीला बैल देऊं, मयताला येऊं, असें त्यांच्या तोंडून वदवून घे. तीन घरें त्याला मिळालीं आहेत: एक कुंभाराचें, एक मुलाण्याचें, आणि एक त्याच्याच थोरल्या चुलत्याचें. चार अजून पाहिजेत. त्यांचें गांव पुण्याहून एस. टी. नें दोन तासांवर आहे. येथें बसलेल्यांपैकीं त्या बाजूचीं कोणाचीं घरें असतील, त्यांनीं सभा संपल्यावर जरा थांबावें. वही मीं बरोबर आणली आहे.